स्पीकरमधली घरघर

मिस्त्रीने विजेच्या पियानोमागून डोकं बाहेर काढलं. "स्पीकरमधली घरघर सापडली, वहिनी. पियानो आणि ऑक्सिजनचं मशीन एकाच लाइनवर आहेत. उद्या वेगळी वायर ओढून देतो." मिस्त्री गेला तसे पलंगावरून मास्तर बायकोला म्हणाले, "उद्याचं कुणी पाहिलंय? मशीन जरा बंद कर. हात चालत होते तेव्हा पियानोत रेकॉर्ड केलेलं माझं वाजवणं एकदा स्वच्छ ऐकू दे." मास्तरांच्या हट्टापुढे उभ्या संसारात तिचं कधी चाललं होतं? तिने मशीनचं बटण दाबलं. घरघर थांबली. तिने पियानोतली धून लावली. पियानोच्या पट्ट्या आपोआप खाली-वर होऊ लागल्या आणि पांघरुणावर मास्तरांची वाकडी बोटं त्यांच्यामागे चाचपडू लागली. धून संपेपर्यंत त्यांचे ओठ निळे पडले. ती मशीनच्या बटणाकडे वळली, तसं त्यांनी तिचं मनगट धरलं. एवढी ताकद त्यांच्यात उरली असेल असं तिला वाटलं नव्हतं. "मशीन बंदच राहू दे. धून पहिल्यापासून लाव."