कोळीवाड्यातला व्हीगन

जयमालाने भरलेलं पापलेट नवऱ्याच्या ताटात वाढलं. हरेशने ते हळूच ताटाच्या कडेला सरकवलं.

"नको गो. मी व्हीगन हाय."

रविवारची दुपार होती. दिवाळे गावातल्या त्या गल्लीत घराघरातून मासळी तळल्याचा वास येत होता, आणि हा बाबा स्वयंपाकघरात मांडी ठोकून भोपळ्याच्या भाजीशी झटत होता. जयमालाचं डोकं सणकलं.

तुर्भ्याला त्याच्या कंपनीत कुणीतरी पाहुणा भाषण देऊन गेला होता म्हणे. तेव्हापासून हे खूळ. मासळी नको, मटण नको, अंडं नको. इथवर श्रावण आहे असं समजून तिने चालवून घेतलं असतं. पण दूध नको, दही नको, तूपसुद्धा नको! आयुष्यभर दुधाचा दाट चहा पिणारा माणूस. आता कप तोंडाला लावला की औषध घेतल्यासारखे डोळे मिटायचा आणि वर म्हणायचा, "मस्त हाय."

बरं, व्हीगन झाला तो. राबायचं मात्र हिने. त्याने आणलेलं खोक्यातलं सोयाबीनचं दूध तिने एकदा हुंगलं आणि सरळ मोरीत ओतलं. तो उठायच्या आत ती नारळ खवायची, वाटायची आणि फडक्यातून पिळून त्याच्या चहाचं दूध काढायची. पिळताना अंगठ्यापासून मनगटापर्यंत कळ जायची. ते तिचं ती बघून घेत होती. कुणाला सांगायचं नाही, असं तिने पावसाळ्यातच ठरवलं होतं.

गावात हसं झालं ते वेगळंच. बाजारात तिची जाऊ धोंडूबाई सगळ्यांसमोर ओरडली होती, "काय गो जयू, हरेश बुवा झाला काय?" जयमाला वरवर हसली, पण आतून तिला रडू येत होतं. खरी गोष्ट अशी की तिला रागापेक्षा वाईट जास्त वाटत होतं. तिच्या हातचं कालवण खाऊनच तर सासऱ्यांनी तिला पसंत केलं होतं. या घरात तिचा जो काही मान होता, तो त्या कालवणाचा. आणि आता नवऱ्यालाच ते नको होतं.

म्हणून आज ती हट्टाने पापलेटं घेऊन आली होती. अख्खी. बाजारातल्या बाया साफ करून देतात, पण ते फ्लॅटमधल्या गिऱ्हाइकांसाठी. कोळणीच्या घरात मासळी अख्खी येते आणि घरातली बाईच ती कापते. कापून आणलेली मासळी पिशवीतून घरी न्यायची म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय नाही. दोन पापलेटं कशीबशी झाली. तिसरं हातातून निसटलं. मग तिने बाकीची परातीत ठेवून वर ताटली झाकली होती.

"एकदाच खरं काय ते सांगा," जयमाला म्हणाली. "माझ्या हातचं नकोसं झालंय ना तुमाला?"

हरेशने परातीकडे बोट दाखवलं. "ती बाकीची का नाय कापलीस?"

"संध्याकाली कापीन. विषय बदलू नका."

"नाय कापनार तू. तुझी बोटं मिटत नाय, जयू. मासली कापताना तोंडात पदर कोंबतेस. मला काय दिसत नाय?"

जयमालाने हात पदराखाली घेतले.

"बाजारातनं साफ करून आन, असं बोल्लो असतो, तर आनली असतीस?"

तिने आणली नसती. उलट दोन दिवस त्याच्याशी बोलली नसती.

"मग नुसती मासली सोडायची," ती शेवटी म्हणाली. "दूध कशाला सोडलंत?"

"नुसती मासली सोडली असती तर तू लगेच ओलखलं असतंस. सगलंच सोडलं, म्हंजे तुला वाटेल, याचं डोकं फिरलं."

"वाटलंच!" जयमाला कडाडली. "अवो, तुमच्या त्या दुधापायी रोज पहाटे नारल पिलतेय मी! याच हातांनी!"

हरेशचा घास हातातच राहिला. "खोक्यातलं आनून ठेवलं होतं ना मी?"

"खोक्यातलं मी माझ्या नवऱ्याला पाजू?"

इतक्या वर्षांच्या संसारात असा वेडेपणा दोघांनी मिळून पहिल्यांदाच केला होता. जयमालाला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. यातलं काहीच तिने केलं नाही. त्यांच्या गल्लीत कुणाचा नवरा घरात मासळी कापायला बसल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. तिच्या सासूने तर नवऱ्याला असलं काम लावणाऱ्या बाईला घराबाहेर काढलं असतं.

तिने परातीवरची ताटली उचलली आणि विळी पायाने त्याच्याकडे सरकवली.

"मी?" हरेश म्हणाला.

"मग कोन? बसा. मी सांगते तसं कापायचं."

तो विळीवर बसला. आणि जयमाला आधी धावत जाऊन पुढच्या दाराला कडी घालून आली.