मागच्या सीटवरची मूठ

केबल तुटली, तर अनंतरावांना एक अख्खा महिना मिळणार होता, आणि महिन्यात त्यांचं काम होणार होतं.

हिशेब साधा होता. रविवारी साडेचारला राहुकाळ लागतो. त्याआधी शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिरुवल्लिकेणीला, घराण्यातल्या थोरल्या राजसबाई आत्यांसमोर मंदार उभा राहिला, तर त्या विडा देणार आणि लेकीचं, मधुवंतीचं, लग्न ठरणार. उशीर झाला, तर राहुकाळ लागल्यावर त्या दिवशी आत्या सोयरिकीचं नाव तोंडातून काढत नाहीत, आणि उद्यापासून लग्नाला अशुभ आडी महिना, म्हणजे विषयच बंद. तंजावरच्या मराठी घरांनी देव आपले ठेवले, पण हे दोन धाक तमिळ शेजाऱ्यांकडून घेतले आणि शेजाऱ्यांपेक्षा कडक पाळले. आडी संपेपर्यंत मंदार बदलीवर पुण्याला गेलेला असेल. नजरेआड झालेला पोरगा मधुवंतीच्या मनातूनही उतरेल, असा अनंतरावांचा अंदाज.

पोरगा वाईट नव्हता. पण तो एकुलत्या एका पोरीला पुण्याला नेणार, आणि पूनमल्लीच्या घरात उरणार अनंतराव आणि टीव्ही. पोरीला तोंडावर ‘हो’ म्हणून बसले होते. ‘नाही’ दुसऱ्या कुणाकडून यायला हवं होतं.

म्हणून दुपारी मंदार पायसम पुन्हा वाढून घेत होता, तेव्हा अनंतराव खाली गेले. मंदारच्या मोटारसायकलच्या उजव्या मुठीजवळची रबरी टोपी सरकवली आणि पक्कडीने तारेचे पीळ एकेक करून तोडले. दोन-तीन ठेवले. जन्म बँकेत गेलेला. शिल्लक किती ठेवायची ते त्यांना कळत होतं.

दोघे गाडीवरून निघाले, पोरूर ओलांडलं आणि मंदारच्या हातातली मूठ नुसतीच फिरली. गाडी मंदावत कडेला आली.

“ॲक्सिलरेटरची केबल गेली,” मंदार म्हणाला.

“अय्यय्यो,” अनंतराव म्हणाले. हा उद्गार त्यांनी जिना उतरतानाच ठरवून ठेवला होता.

मंदारने टोपी सरकवली. तारेचं टोक थोडा वेळ उन्हात धरलं. मग ते चिमटीने काढून खिशात टाकलं.

“इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात डोंगरभर केबली बनवता तुम्ही लोक,” अनंतराव म्हणाले. “आणि गाडीत एक नाही?”

“कारखान्यातली तार बाहेर काढता येत नाही, काका. गेटवर खिसे तपासतात.”

“सेरी, बरं. मग ऑटो बघायचा?”

“मीटरवर येणारा ऑटो मिळेपर्यंत आडी संपेल.”

मंदारने बाजूचं झाकण जेमतेम उघडलं, हात घालून पान्यांचं पुडकं ओढलं आणि झाकण लावून टाकलं. केबल मुठीपासून सोडवली, टाकीखालून मागे वळवली, वरचं आवरण वीतभर कापून काढलं. आता कार्ब्युरेटरमधून निघालेली उघडी तार मागच्या सीटपाशी लोंबत होती.

“बसा काका. ही बोटांना गुंडाळा. ओढली की रेस, सोडली की कमी. क्लच, गिअर, ब्रेक माझ्याकडे.”

“मी? मी सायकलपलीकडे काही चालवलं नाही.”

“माझा उजवा खांदा खाली गेला की ओढा. वर आला की सोडा.”

“रुमाल गुंडाळतो बोटांना.”

“नको. रुमालावरून तार निसटते.”

अनंतरावांनी चटकन हिशेब केला. तार कमी ओढली तर वेळ जाईल, हे खरं. पण कमी ओढली तर मागे लॉरी होती, जास्त ओढली तर पुढे बस, आणि दोघींच्या मधे ते स्वतः होते. तेव्हा नीट ओढणं आलं.

त्यांनी बोटं मिटली. खाली काहीतरी जागं झालं. बोटांतून दंडात, दंडातून छातीत एक गुरगुर चढली, आणि दोन माणसांचं ओझं घेऊन ते धूड पुढे निघालं, त्यांच्या दोन बोटांवर. बोटं सैल केली की ते श्वास सोडायचं. आवळली की उसळायचं. चाळीस वर्षं इतरांच्या कागदांवर सह्या केल्या. एवढी ताकद हातात कधी आली नव्हती.

रामापुरमपर्यंत ते खांद्याकडे बघत होते. नंदंबाक्कमला बघायचं विसरले. कत्तिपाऱ्याला उड्डाणपुलाचे अर्धवट खांब उभे होते आणि चारी बाजूंनी बसगाड्या अंगावर येत होत्या. मंदारने क्लच दाबला त्याच क्षणी अनंतरावांची बोटं आपणहून सुटली. त्याने सोडला तशी आपणहून मिटली. पुढचा माणूस कुठे वळणार, हे त्यांना तो वळण्याआधी कळत होतं. दोन बसगाड्यांच्या मधली फट मिटायच्या आत ते पार झाले होते.

“माप्पिळ्ळै, अजून ओढू?” अनंतराव ओरडले.

माप्पिळ्ळै म्हणजे जावई. शब्द तोंडातून गेला तेव्हा सैदापेटचा पूल आला होता, आणि परत घ्यावा असं त्यांना वाटलं नाही.

“ओढा,” मंदार म्हणाला.

आत्या विड्याचं तबक घेऊन घड्याळाकडे बघत बसल्या होत्या. काटा अजून साडेचारच्या अलीकडे होता. पण त्यांची नजर आधी अनंतरावांच्या हातावर गेली.

“हे काय रे अनंता? रक्त?”

“काही नाही आत्या. जावई आणला.”

विडा दिला गेला. मधुवंती सकाळपासून तिथेच होती. ती लाजून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. पुण्याला इथून थेट गाडी आहे का, असं अनंतरावांनी दोनदा विचारलं.

राहुकाळ टळल्यावर दोघे खाली आले. मंदारने गाडीच्या बाजूचं झाकण या वेळी पुरतं उघडलं. आत तेलकट कागदात गुंडाळलेली नवी केबल होती.

“ही कारखान्यातली नाही, काका,” तो म्हणाला. “दुकानातली. कायम असते गाडीत.”

मंदारने खिशातून तारेचं टोक काढून अनंतरावांच्या तळहातावर ठेवलं. तुटलेले पीळ दोन-तीनच. बाकीचे पक्कडीने कापलेले, सपाट, चकचकीत. सगळ्या दिवसाचा खर्च तेवढाच होता, आणि तो एकाच हातावर मांडलेला: तारेचं ते टोक, आणि शेजारी सोललेली दोन बोटं.