लसीचं कार्ड

ट्रंकेची कडी खट्कन वाजली, तशी घरातली शांतता मोडली. खुनाच्या खोट्या आरोपाखाली सात वर्षं तुरुंगात काढून रणधीर काल निर्दोष सुटला, पण आठ वर्षांची लेक अर्पिता अजून त्याच्याजवळ फिरकत नव्हती. त्याच्या बायकोनं, शिवकन्यानं, ट्रंकेतून लेकीचं लसीकरणाचं कार्ड काढून तिच्या हातात दिलं. "खून झाला त्या दुपारी बाबा तुला घेऊन ईट गावच्या दवाखान्यात होते, तू तान्ही होतीस. लस दिल्यावर तुला ताप आला, म्हणून नर्सबाईंनी थांबवून घेतलं. बघ, कार्डावर वेळ लिहिलीय." "खालच्या कोर्टात हे कुणी ऐकलंच न्हाय," रणधीर म्हणाला. "तुझी आई हे कार्ड घेऊन हायकोर्टापर्यंत गेली. शेवटी वकीलच हिला तारखा विचारायचे." शिवकन्याची मान ताठ झाली. अर्पिता पहिल्यांदाच बाबांच्या मांडीवर बसली. "आई, तवाबी मी अशीच मांडीवर होते ना? मग मला का न्हाय विचारलं कुणी?"