रंगवलेले पत्रे

"मावशी, चित्रातला तुमचा हात खरा आहे," असं म्हणत आधुनिक कलासंग्रहालयाच्या केतकीताईंनी शेवंताच्या डब्यातली भाकरी मोडली. संग्रहालय एका धर्मादाय न्यासाचं होतं आणि समोरच्या वस्तीसाठी तिथले वर्ग फुकट असत. "वर्धापनदिनाला तुमचं जगणं तुम्हीच रंगवा," असं ताईंनीच सुचवलं होतं. धुणीभांडी उरकून शेवंता वस्तीतल्या शेजारणींसोबत महिनाभर तिथल्या अंगणात उंच पत्र्यांवर चित्रं काढत होती. नळावरची भांडणं, दारातली तुळस, गेलेल्या नवऱ्याची हातगाडी.

वर्धापनदिनाच्या सकाळी ठेवणीतली साडी नेसून, शेजारणींना घेऊन ती निघाली, तर गल्लीच्या तोंडाशी वाटच बंद. तिथे त्यांचेच पत्रे एकाला एक लावून उभे केले होते. चित्रं रस्त्याच्या बाजूला होती आणि वस्तीकडे नुसती कोरी पाठ. पलीकडे मोटारी थांबत होत्या, पाहुणे वाहवा करत होते.

फटीतून केतकीताई दिसल्या. शेवंताने हाक मारली. त्या जवळ आल्या, पण मान वर करेनात.

"आजचा दिवस मागच्या वाटेने जा, मावशी. पाहुण्यांना वस्ती दिसू नये, असं विश्वस्तांचं म्हणणं होतं."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्यापासून माहीत होतं."

मागून शेजारणी विचारू लागल्या, "काय म्हणतात गं ताई?" त्या सगळ्यांना घरोघरी जाऊन शेवंतानेच रंगवायला बोलावलं होतं.

"आपल्याला झाकायला त्यांना पडदा हवा होता," ती म्हणाली. "तो मी तुमच्याकडून रंगवून घेतला."