सुटलेला हात

पोहण्याच्या तलावात चौथीतली ऋत्वी तिच्या प्रशिक्षक प्रणालीचा हात धरून पाय मारत होती. मध्यावर आल्यावर ती म्हणाली, "मॅडम, हात सोडा ना! जमतंय मला."

प्रणालीने सोडला नाही. उलट तिचं मनगट इतकं घट्ट आवळलं, की मुलगी रडायला लागली. काठावरून तिची आई ओरडली, "अहो, काय करताय? सोडा तिला!"

सहा वर्षांपूर्वी पुरात नाव उलटली, तेव्हा प्रणालीच्या हातात धाकट्या बहिणीचं मनगट होतं. लोंढ्यात हात सुटला, असंच तिने घरी सांगितलं होतं.

ऋत्वीच्या हातावरचे वळ बघून प्रणालीने माफी मागितली आणि ती तडक घरी आली. आई मेथी निवडत होती.

"आई, गौतमीचा हात सुटला नव्हता. मी सोडला. वाटलं, मीपण बुडेन."

आईची बोटं थांबली. मग तिने विचारलं, "सोडलास तेव्हा ती काही म्हणाली का गं?"

"ताई म्हणून हाक मारली," प्रणाली म्हणाली. "एकदाच."