जिन्यावरची सावली

पडद्यावर एक सावली जिना चढू लागली आणि तळघरातल्या उजाळणी यंत्राने तत्परतेने तिला चेहरा दिला: इन्स्पेक्टरचा. कृष्णधवल रहस्यपटांतला अंधार उपसून टाकणे हेच त्या यंत्राचे काम. पहिल्याच रिळात खुनी सापडल्याने प्रेक्षक कृतार्थ झाले.

"तो खुनी नाही," डॉ. हेमांगी रेगे चित्रपट-संग्रहालयाचे संचालक गोठोसकर यांना थंडपणे म्हणाल्या. "खुन्याचं काम करणारा नट त्या दिवशी आलाच नव्हता. नुसती सावलीच हवी, म्हणून इन्स्पेक्टर झालेला नट त्याचा कोट चढवून जिना चढला."

"यंत्र चुकत नाही, बाई. आणि अंधार बघायला तिकीट कोण काढतं? आज मूळ प्रतही उजळून टाकू."

एकदा उजळलेली फिल्म पुन्हा काळोखी होत नसे, आणि मूळ प्रत ही एवढीच उरली होती. अंधाराच्या सौंदर्यावरच्या हेमांगीबाईंच्या व्याख्यानांना याच गोठोसकरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. बाई आता व्याख्यान देत बसल्या नाहीत. त्यांनी प्रोजेक्टरच्या खोलीला आतून कडी घातली, उजळलेल्या प्रतीचा चालू खेळ बंद पाडला आणि मूळ प्रत लावली.

बिनचेहऱ्याची सावली जिना चढू लागली. शिट्ट्या झाल्या.

"ओ, उजेड करा!"

"अरे, पण हा आहे कोण?"

"गप रे, जिन्यावरचं दार उघडतंय!"

सभागृह चिडीचूप झाले. बाहेरून दारावर बसणाऱ्या गोठोसकरांच्या धडकाही हळूहळू थांबल्या.

"बाई," ते दाराच्या फटीतून कुजबुजले, "खुनी कोण हो?"

"शेवटचं रीळ माझ्या मांडीवर आहे, गोठोसकर. आधी तुमच्या यंत्राची वायर कापून आणा."

गोठोसकर तळघराकडे पळाले.