राणी आणि पाववाल्याची सायकल

यिट्स्के माझी जुनी विद्यार्थिनी. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरातल्या आमच्या वाचनवर्गात मुलं दर शुक्रवारी मोबाइलवर तिच्या चित्रकथेचा नवा भाग वाचतात. या भागात राणी एका पाववाल्याची सायकल मागून घेते, बुरुजाशी ती टाकून वर धावते आणि राज्यासाठी ड्रॅगनच्या आगीत प्राण देते. मुलं रडताना बघायला यिट्स्के मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसली होती.

भाग संपला.

"बाई, तिने सायकलला कुलूप नाही लावलं," माडेलीफ म्हणाली.

"अगं, राणी मेली," सीबे म्हणाला.

"ती सुटली. पाववाल्याने उद्या पाव कशावरून पोचवायचे?"

सीबेने चित्र पुन्हा पाहिलं. "खरंच की. चोरीला गेलीच समज."

यिट्स्केचा चेहरा उतरला. भागाखालच्या मोठ्या वाचकांच्या प्रतिक्रियाही सायकलवरच होत्या.

"रुसू नकोस," मी तिला म्हटलं. "त्यांचा जीव जिथे अडकलाय, तिथूनच पुढे काढ."

पुढच्या शुक्रवारी राणीचं भूत बुरुजावरून खाली आलं. त्याने सायकलला कुलूप लावलं, किल्ली पाववाल्याच्या दाराच्या फटीतून आत सरकवली आणि ते कायमचं विरून गेलं. वर्गात नाकं ओढल्याचे आवाज येऊ लागले. यिट्स्केने आनंदाने माझा हात घट्ट धरला.

माडेलीफने बाहीला डोळे पुसले.



"पण बाई, साखळीने खांबाला कुठे बांधलीय? कुलपासकट उचलून नेतील की."